इतिवृत्तात न घेतलेलं

विषय क्रमांक सात : वरच्या घराचं काय करायचं.
शाळेचं सभागृह, संध्याकाळचे सहा.
हजर अकरा, पैकी म्हातारे दुमित्राके झोपलेले.
मी कारकून. लिहायचं काम माझं.

कार्पेथियनच्या या दरीत अजून कुणी त्याचं नाव घेत नाही.
'वरचा' म्हणतात, आणि मान आपोआप टेकडीकडे वळते.
तिथं त्याची शिकारकोठी : बावीस खोल्या, तांब्याचं छप्पर.
(तांबं तो गेल्यावर महिन्याभरात चोरीला गेलं. आता पत्रा आहे.)
अस्वलांना मका आणि साखर घालून घालून
गोळीच्या टप्प्यात आणून बसवायचे.
त्या वर्षी आम्हाला साखर कार्डावर होती.

नगराध्यक्ष कोस्ताके म्हणाले, बुखारेस्टचा एक माणूस पैसे घालायला तयार आहे.
गरम पाण्याचे हौद, मसाज, अस्वल-दर्शन. चाळीस नोकऱ्या.
"मढ्याच्या टाळूवरचं लोणी," मागून कुणीतरी.
मी लिहिलं : एका सदस्याने नापसंती व्यक्त केली.

इलारिए उठला. त्याचे वडील वनरक्षक होते.
एक अस्वल जखमी होऊन निसटलं, त्याच रात्री जीप आली.
वडिलांचे बूट नंतर टपालाने परत आले. पोचपावतीवर सही घेतली.
"पाडा," तो म्हणाला, "पायासुद्धा उकरा."
ओक्ताव्ह गुरुजी म्हणाले, साप गेल्यावर भुई धोपटून काय मिळणार?
संग्रहालय करू. पोरांना दाखवू.
"काय दाखवणार? सोन्याचा नळ?
पोरं नळापाशी फोटो काढतील, गुरुजी."
गुरुजी चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.
पाद्री म्हणाले, काहीही करा,
आधी मला पवित्र पाणी शिंपडू द्या.

मग सावेताबाई.
त्या सदस्य नव्हेत, बोलायचा हक्क त्यांना नाही,
पण त्या उठल्या तेव्हा कुणी अडवलं नाही.

"एकोणीस वर्षं मी वर चादरी धुतल्या.
एकोणीस वर्षांत तो दोनदा आला.
पण चादरी रोज बदलायच्या. हुकूम होता.
ज्या पलंगांवर कुणी झोपलं नाही त्यांचे कपडे
मी ओढ्यावर आपटत होते, बर्फ फोडून.
घरातलं गरम पाणी त्याच्यासाठी राखलेलं.
दुसऱ्यांदा आला तेव्हाही पलंगावर झोपला नाही.
खुर्चीत बसला, पायात बूट, दिवा चालू, तोंड दाराकडे.
सकाळी मी ती न चुरगळलेली चादर काढली.
धुतली.
तुम्ही सगळे त्याचं घर, त्याचं घर म्हणता.
राहिले तिथं मी."

शेगडीत एक लाकूड खचलं.

"मला एवढंच विचारायचंय. त्या चादरी गेल्या कुठे?
दोनशे चौसष्ट होत्या. मोजून कपाट लावलं होतं मी."

अकराच्या अकरा माना खाली.
म्हातारे दुमित्राकेही जागे होते, हे तेव्हा कळलं.

मतदान : हॉटेल पाच, संग्रहालय तीन, पाडणे दोन, तटस्थ एक.
आवश्यक बहुमत नाही. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
सावेताबाईंचं बोलणं नियमाप्रमाणे घेतलेलं नाही.

घरी आले. आईच्या पलंगावर आता मी झोपते.
जाड लिननची चादर, इतक्या वर्षांत एक धागा विरला नाही.
कोपऱ्यातलं अक्षर आईने ब्लेडने उसवलं होतं,
मेणबत्तीपाशी, ओठ घट्ट मिटून.
लाल धागा निघाला. सुईची भोकं राहिली.
अंधारात अंगठा फिरवला की अजून वाचता येतं.

मी ती काढली, घडी घातली, पिशवीत भरली,
सावेताबाईंचं घर चार दारं सोडून आहे.
पिशवी दाराशी ठेवली. कोट घातला.
कोट काढला.
पुन्हा अंथरली.
थंडी फार होती,
आणि फार छान धुतलेली आहे ती, कुणीतरी.